कृष्णविवरांच्या जोड्या वायूच्या तबकडीत जुळतात का? एका खुल्या विदासेवेचे परीक्षण

‘ग्रॅव्हिटेशनल वेव्ह ओपन सायन्स सेंटर’ ही सेवा लायगो, व्हर्गो आणि काग्रा या वेधशाळांनी टिपलेल्या गुरुत्वीय लहरींची, म्हणजे अवकाशात पसरणाऱ्या गुरुत्वाच्या तरंगांची, विदा (मोजणीची माहिती) सर्वांसाठी खुली करते. विद्यार्थ्यांसाठीचे उत्तम साधन अशी तिची ओळख बहुतेक ठिकाणी करून दिली जाते. मी ती मात्र एकाच प्रश्नाचा माग काढण्यासाठी वापरली. दीर्घिकेच्या केंद्रातील महाकाय कृष्णविवराभोवती वायूची तबकडी फिरत असते. तिच्यात अडकलेली लहान कृष्णविवरे एकमेकांना गाठतात, जोडी जमवतात आणि अखेर एकरूप होतात, अशी एक कल्पना गेली दहा-पंधरा वर्षे खगोलशास्त्रात जोमाने मांडली जात आहे. या कल्पनेला प्रत्यक्ष नोंदींत कितपत आधार सापडतो, हे एखाद्या जिज्ञासू वाचकाला या सेवेच्या साहाय्याने स्वतः तपासता येते का, हा माझा प्रश्न होता, आणि हे परीक्षण त्याच कसोटीवर लिहिले आहे.

सेवेचे बाह्य स्वरूप सांगायला फार शब्द लागत नाहीत. नोंदणी लागत नाही, शुल्क नाही, आणि श्रेय नमूद करण्याच्या अटीवर विदा कोणालाही वापरता येते. घटनांच्या मुख्य तक्त्यात प्रत्येक विलीनीकरणाची एक ओळ असते आणि तीत दोन्ही घटकांची वस्तुमाने, अंतर, ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणामुळे लहर किती ताणली गेली ते), परिणामी परिवलन (दोघांच्या स्वतःभोवती फिरण्याचा एकत्रित आकडा), संकेताची तीव्रता, तसेच ती घटना खरोखर खगोलीय असण्याची शक्यता दिलेली असते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपलेल्या पहिल्या घटनेपासून हा तक्ता वाढत आला आहे. पहिल्या सूचीत ११ घटना होत्या, तिसऱ्या सूचीअखेर त्या ९० झाल्या आणि २०२५ मध्ये आलेल्या चौथ्या सूचीने १२८ नव्या संभाव्य घटनांची भर घालून हा आकडा २१८ वर नेला. संपूर्ण तक्ता सीएसव्ही या साध्या तक्ता-फाइलीच्या स्वरूपात उतरवून घेता येतो, आणि वस्तुमानानुसार किंवा अंतरानुसार ओळी लावून पाहणे हेच माझ्या मते या सेवेतील सर्वांत आनंदाचे काम आहे.

पण तक्ता उघडण्याआधी त्यात काय शोधायचे हे ठरवावे लागते आणि त्यासाठी मूळ अडचण समजून घेणे भाग आहे. प्रत्येकी ३० सूर्यांएवढ्या वस्तुमानाची दोन कृष्णविवरे वर्तुळाकार कक्षेत फिरत असतील, तर केवळ गुरुत्वीय लहरींतून ऊर्जा गमावून विश्वाच्या आजवरच्या आयुष्यात ती एकत्र येण्यासाठी त्यांच्यातील अंतर पृथ्वी आणि सूर्य यांच्यातील अंतराच्या सुमारे एक-पंचमांश किंवा त्याहून कमी असावे लागते. ज्या ताऱ्यांपासून अशी कृष्णविवरे निर्माण होतात, ते तारे आयुष्याच्या उत्तरार्धात याहून कितीतरी अधिक फुगतात. म्हणजे ही जोडी जन्मतःच इतकी जवळ असू शकत नाही. तिला कोणीतरी जवळ आणावे लागते. हे काम एकाकी जोडताऱ्यांमध्ये त्यांचे बाह्य आवरण करते, दाट तारकागुच्छांत इतर ताऱ्यांशी होणाऱ्या भेटी करतात, आणि सक्रिय, म्हणजे वायू गिळणाऱ्या महाकाय कृष्णविवरामुळे प्रखर झालेल्या, दीर्घिकांच्या केंद्रांत ते वायू करतो, असे तीन प्रमुख पर्याय आज विचारात घेतले जातात.

यांपैकी तिसरा पर्याय मला सर्वांत विलक्षण वाटतो, कारण त्यात कृष्णविवरे निर्माण होण्यापासून एकरूप होण्यापर्यंतचा जवळजवळ प्रत्येक टप्पा एकच माध्यम घडवते. दीर्घिकेच्या केंद्राजवळ कृष्णविवरांची गर्दी असावी, हे आपल्या आकाशगंगेतही दिसते. केंद्रापासून सुमारे तीन प्रकाशवर्षांच्या आत क्ष-किरणांत मंद चमकणाऱ्या डझनभर जोड्या २०१८ मध्ये नोंदवल्या गेल्या, आणि जोडीदार नसलेली, म्हणून न दिसणारी कृष्णविवरे त्यांच्या अनेक पटींनी अधिक असणार. अशा केंद्रात वायूचा मोठा पुरवठा होऊन तबकडी तयार झाली की तिरप्या कक्षांतून फिरणारी कृष्णविवरे प्रत्येक फेरीत दोनदा तिच्यातून आरपार जातात. प्रत्येक वेळी वायू त्यांचा थोडा वेग हिरावून घेतो, कक्षेचा तिरपेपणा कमी होत जातो आणि पुरेशा फेऱ्यांनंतर कृष्णविवर तबकडीच्या प्रतलातच फिरू लागते. तबकडीच्या बाह्य, थंड भागात वायू स्वतःच्या गुरुत्वाने कोसळून नवे, प्रचंड तारेही घडू शकतात, आणि त्यांच्या मृत्यूनंतर उरणारी कृष्णविवरे तर जन्मतःच तबकडीत असतात.

त्यानंतरचा टप्पा ग्रहनिर्मितीचा अभ्यास करणाऱ्यांना ओळखीचा वाटेल. तबकडीत फिरणारे जड पिंड वायूत सर्पिल लाटा उठवते, त्या लाटांचे गुरुत्व उलट त्या पिंडावर पीळ घालते, आणि पिंडाची कक्षा हळूहळू आत किंवा बाहेर सरकू लागते. तबकडीची घनता आणि तापमान जिथे झपाट्याने बदलते, तिथे या पिळाची दिशा उलटू शकते. बाहेरून आत येणारे आणि आतून बाहेर जाणारे पिंड तिथे येऊन थांबते. अशा जागांना स्थलांतराचे सापळे म्हणतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणितात हे सापळे महाकाय कृष्णविवराच्या श्वार्झशिल्ड त्रिज्येच्या (ज्या सीमेच्या आतून प्रकाशही सुटत नाही तिच्या त्रिज्येच्या) काही दशपटींपासून काही शतपटींपर्यंतच्या अंतरावर असावेत असे दिसले. वायूचे तापमान आणि ऊष्णतेचे वहन कसे धरले यावर सापळ्यांची जागा, किंबहुना त्यांचे अस्तित्वच, अवलंबून राहते, त्यामुळे मी त्यांना सिद्धान्ताचा आधारस्तंभ मानत नाही. निरनिराळ्या वस्तुमानांची कृष्णविवरे निरनिराळ्या वेगाने सरकतात एवढेही त्यांच्या भेटी घडवायला पुरेसे आहे.

मात्र केवळ भेट झाल्याने जोडी जमत नाही. महाकाय कृष्णविवराचे वस्तुमान १० कोटी सूर्यांएवढे आणि जवळ येणाऱ्या दोन कृष्णविवरांचे मिळून ६० सूर्यांएवढे असेल, तर त्या दोघांचे परस्परगुरुत्व ज्या क्षेत्रात केंद्राच्या ओढीला पुरून उरते, त्या हिल गोलाची त्रिज्या केंद्रापासूनच्या अंतराच्या अवघी ०.६ टक्के भरते. या लहानशा क्षेत्रात शिरलेली दोन कृष्णविवरे ज्या ऊर्जेने आत येतात त्याच ऊर्जेने पुन्हा बाहेर पडू शकतात. ती अडकून पडण्यासाठी आतच काही ऊर्जा खर्ची पडली पाहिजे, आणि इथे वायू निर्णायक ठरतो. प्रत्येक कृष्णविवराभोवती स्वतःची एक छोटी तबकडी असते. पहिल्याच जवळच्या भेटीत या तबकड्या एकमेकींवर आदळतात, वायूत आघातलाटा उठतात, कक्षेची ऊर्जा उष्णतेत जाते आणि सुटून जाणारी दोन कृष्णविवरे एकमेकांना बांधली जातात. गेल्या काही वर्षांतील द्रवगतिकीय संगणकीय प्रतिकृतींनी हा प्रसंग बारकाईने दाखवला आहे. जोडी जमल्यानंतर वायू तिला आवळतो की सैल करतो, याबद्दल मात्र एकमत नाही. तबकडीच्या उलट दिशेने फिरणाऱ्या जोड्या लवकर आवळतात, असे अनेक प्रतिकृतींत दिसते. सुलट दिशेच्या जोड्यांचे उत्तर वायू किती गरम धरला यावर बदलते.

यातून तक्त्यात शोधायच्या खुणा ठरतात. तारकागुच्छाचा मुक्तिवेग, म्हणजे त्याच्या गुरुत्वातून सुटायला लागणारा वेग, सेकंदाला काही दशक किलोमीटर असतो, तर विलीनीकरणानंतर उरलेल्या कृष्णविवराला बसणारा धक्का सेकंदाला शेकडो, क्वचित हजारो किलोमीटरचा असू शकतो; म्हणून गुच्छातून ते बहुधा फेकले जाते. महाकाय कृष्णविवराच्या श्वार्झशिल्ड त्रिज्येच्या १००० पट अंतरावरचा मुक्तिवेग मात्र सेकंदाला सुमारे ९५०० किलोमीटर येतो, आणि गंमत अशी की महाकाय कृष्णविवर किती जड आहे यावर हा आकडा मुळीच अवलंबून नाही. तिथे धक्का बसूनही कृष्णविवर केंद्राजवळच राहते, पुन्हा तबकडीत येते आणि दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जोडी जमवू शकते. अशा पुढच्या पिढीच्या कृष्णविवराचे वस्तुमान मोठे असणार आणि परिवलनही जलद असणार, कारण जवळपास सारख्या वस्तुमानाची, न फिरणारी दोन कृष्णविवरे एकत्र आली तरी उरलेल्याचे परिवलन कमाल मर्यादेच्या सुमारे ०.७ भरते. शिवाय वायूत झालेल्या विलीनीकरणातून प्रकाशही बाहेर पडू शकतो, जो निर्वात जागेतील विलीनीकरणातून अपेक्षित नसतो.

तक्ता एकूण वस्तुमानानुसार लावला की जीडब्ल्यू१९०५२१ ही नोंद वरच्या काही ओळींत येते, आणि नव्या वापरकर्त्याने माझ्या मते सर्वाधिक वेळ इथेच द्यावा. २१ मे २०१९ रोजी आलेला हा संकेत सेकंदाच्या जेमतेम दहाव्या भागाएवढा टिकला. मूळ शोधनिबंधाने घटकांची वस्तुमाने ८५ आणि ६६ सूर्यांएवढी आणि उरलेल्या कृष्णविवराचे वस्तुमान १४२ सूर्यांएवढे सांगितले. अतिप्रचंड ताऱ्यांचा गाभा युग्म-अस्थिरतेमुळे (आतील प्रकाशाचे कणांच्या जोड्यांत रूपांतर होऊन आधार ढासळल्यामुळे) पूर्णपणे उधळला जातो, म्हणून साधारण ५० ते १२० सूर्यवस्तुमानांच्या पट्ट्यात ताऱ्यापासून थेट कृष्णविवर घडू नये, असा अंदाज आहे. ८५ चा आकडा नेमका या निषिद्ध पट्ट्यात पडतो आणि आधीच्या विलीनीकरणाकडे बोट दाखवतो. त्यातच पालोमार वेधशाळेच्या झ्विकी सर्वेक्षणाने एका सक्रिय दीर्घिका केंद्रात, घटनेनंतर सुमारे ३४ दिवसांनी सुरू झालेली प्रकाशाची उसळी नोंदवली, आणि धक्का बसलेले कृष्णविवर तबकडीतील वायू तापवत गेल्याने ती दिसली असावी, असे २०२० मध्ये सुचवले गेले.

या ठिकाणी सेवेचा एक गुण, जो वरवर दोषासारखा भासतो, मला फार मोलाचा वाटला. प्रत्येक घटनेच्या पानावर तिच्या जुन्या आणि नव्या आवृत्त्या जपलेल्या असतात. मूळ विश्लेषणात जीडब्ल्यू१९०५२१ चे अंतर ५.३ अब्ज पारसेक (एक पारसेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षे) होते. सूचीच्या सुधारित २.१ आवृत्तीत ते सुमारे ३.३ अब्ज पारसेक झाले आणि वस्तुमाने ९८ आणि ५७ च्या आसपास गेली. ज्या दीर्घिकेत प्रकाश उसळला तिची ताम्रसृती ०.४३८, म्हणजे अंतर सुमारे २.५ अब्ज पारसेक आहे. पहिला आकडा पाहणारा वाचक हा संबंध जवळजवळ मोडीत काढेल, तर दुसरा पाहणारा तो शक्य कोटीत ठेवेल. संकेत तोच, विदा तीच. बदलले ते लहरीच्या आकाराचे प्रतिमान आणि गणितातली गृहीतके. आकड्यांशेजारी छापलेल्या अनिश्चितता या दोन्ही वेळी फार रुंद आहेत, आणि ज्याने त्या वाचल्या त्याची दिशाभूल होत नाही. स्वतंत्र विश्लेषणांनी पुढे दाखवले की सक्रिय केंद्रांचा प्रकाश मुळातच चढउतार करणारा असल्यामुळे या एका जोडणीवर विश्वास ठेवण्यास पुरावा अपुरा आहे. मलाही तेच पटते, पण ते पटण्यासाठी मला कोणाच्या शब्दावर विसंबावे लागले नाही, हे या सेवेचे खरे देणे आहे.

एक सावधगिरी इथेच सांगतो. तक्त्यात २१ मे २०१९ या तारखेच्या दोन घटना आहेत आणि दुसरीच्या नावापुढे वेळ जोडलेली आहे. ती पूर्णपणे वेगळी, कमी वस्तुमानांची जोडी आहे. नाव तारखेवरून पडत असल्याने उतरवून घेतलेल्या तक्त्यात नाव नेहमी शेवटच्या अंकापर्यंत वाचावे.

दुसरी महत्त्वाची ओळ जीडब्ल्यू२३११२३ ची. २३ नोव्हेंबर २०२३ च्या या घटनेत सुमारे १३७ आणि १०३ सूर्यवस्तुमानांची कृष्णविवरे एकत्र येऊन सुमारे २२५ सूर्यांएवढे कृष्णविवर उरले, आणि दोघांचीही परिवलने अनुक्रमे ०.९ आणि ०.८ च्या आसपास मोजली गेली. पुढच्या पिढीची कल्पना इथे मोह घालते, परंतु आकडे नीट पाहिले तर एक प्रश्न उरतो: साध्या विलीनीकरणातून अपेक्षित असलेल्या ०.७ पेक्षा ही परिवलने जास्त आहेत. तबकडीतील वायू गिळताना कृष्णविवराचे परिवलन वाढते, त्यामुळे वायूची कल्पना हा प्रश्न इतर पर्यायांपेक्षा सहज सोडवू शकते. तरीही मी याला पुरावा म्हणणार नाही, कारण इतक्या जड आणि इतक्या वेगाने फिरणाऱ्या जोडीसाठी निरनिराळी लहर-प्रतिमाने निरनिराळे आकडे देतात. शिवाय ही घटना केवळ लायगोच्या दोन शोधक यंत्रांनी टिपली. त्या वेळी व्हर्गो निरीक्षण करत नव्हती, त्यामुळे आकाशातील स्थान फार ढोबळ राहिले आणि यजमान दीर्घिका शोधण्याचा मार्गच खुंटला.

११ ऑक्टोबर आणि १० नोव्हेंबर २०२४ च्या दोन घटनाही याच संदर्भात वाचाव्यात. दोन्हींत एक घटक दुसऱ्याहून बराच जड आणि जलद फिरणारा आहे, आणि दुसऱ्या घटनेत त्याचे परिवलन कक्षेच्या उलट दिशेचे आहे. एकाकी जोडताऱ्यांच्या उत्क्रांतीत असे उलटे परिवलन सहज घडत नाही. संशोधकांनी या दोन्हींमागे आधीच्या विलीनीकरणाची शक्यता मांडली आहे, मात्र तारकागुच्छ की वायूची तबकडी हा निवाडा त्या दोन आकड्यांतून होत नाही.

आता मर्यादांविषयी. मुख्य तक्त्यातील परिणामी परिवलन हा स्तंभ दोन्ही परिवलनांचे कक्षेच्या अक्षावरील वस्तुमान-भारित मिश्रण देतो. प्रतलातील परिवलन आणि प्रत्येक घटकाचे वेगळे परिवलन, जे वरच्या खुणांसाठी सर्वांत उपयोगी आहे, त्यासाठी संभाव्यतेचे सविस्तर नमुने वेगळे उतरवून घ्यावे लागतात. त्या फाइली मोठ्या आहेत आणि पायथन ही संगणकभाषा येत नसेल तर निरुपयोगी आहेत. तक्त्यात समावेशाची अट खगोलीय असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असणे एवढीच असल्याने, मंद संकेतांपैकी काही निव्वळ गोंगाट असणार, हेही धरून चालावे. मी स्वतः ही शक्यता ०.९ च्या वर असलेल्या ओळीच मोजण्यासाठी घेतो. आणि वस्तुमानांच्या स्तंभांत शोधक यंत्राला दिसलेले आणि ताम्रसृतीचा परिणाम दूर करून काढलेले, असे दोन वेगळे अर्थ असतात, ही गोष्ट तबकडीच्या संदर्भात विशेष महत्त्वाची आहे. विलीनीकरण महाकाय कृष्णविवराच्या अगदी निकट झाले तर त्याच्या गुरुत्वामुळे लहरींना वाढीव ताम्रसृती येते आणि जोडी प्रत्यक्षाहून जड भासते. तक्त्यातील ताम्रसृती अंतरावरून काढलेली असल्यामुळे ती हा परिणाम ओळखू शकत नाही.

एकेका घटनेचे यजमान सापडत नसतील तर घटनांचा समूह घेऊन विचार करण्याची वाट उरते, आणि इथे आकाशनकाशे, म्हणजे घटना आकाशात कुठे झाली असावी हे दाखवणारे नकाशे, उपयोगी पडतात. तेजस्वी सक्रिय केंद्रे विरळ असतात. प्रत्येक घटनेच्या अनिश्चिततेच्या घनफळात ती योगायोगाने अपेक्षित असतात त्याहून अधिक सापडतात का, हे मोजले तर प्रकाशाची उसळी न दिसताही उत्तर मिळू शकते. या पद्धतीने केलेल्या अभ्यासांतून आतापर्यंत असे निघाले आहे की सर्वांत तेजस्वी केंद्रे बहुसंख्य विलीनीकरणांचे घर असू शकत नाहीत. मंद केंद्रांबद्दल पद्धत अजून बोलू शकत नाही, कारण त्यांच्या सूची अपुऱ्या आहेत आणि ती संख्येने इतकी जास्त आहेत की ढोबळ नकाशात कोणतेही एक घर वेगळे काढता येत नाही. घटनांच्या समूहात दिसलेला आणखी एक कल, म्हणजे घटकांची वस्तुमाने जितकी असमान तितके परिणामी परिवलन सरासरीने अधिक धन, हा २०२१ मध्ये पुढे आला. तबकडीच्या प्रतिमानांनी त्याचे एक पटण्याजोगे स्पष्टीकरण दिले आहे. हा आलेख सेवेच्या तक्त्यातील तीन स्तंभांवरून कोणीही घरी काढू शकतो आणि मी वाचकांना तो काढून पाहण्याचा आग्रह करेन. मात्र बिंदूंबरोबर त्यांच्या अनिश्चिततेच्या रेषाही काढाव्यात, म्हणजे कल किती नाजूक आहे हे लगेच दिसते.

शिकवणीच्या सुविधांबद्दल थोडक्यात सांगायचे तर त्या चांगल्या आहेत. ब्राउझरमध्येच चालणारे पायथन धडे, वार्षिक कार्यशाळांची मुक्त ध्वनिचित्रमुद्रणे आणि कोणत्याही घटनेचा वारंवारता-काल आलेख झटपट दाखवणारे साधन, या तिन्हींच्या मदतीने एक-दोन आठवड्यांत माणूस तयार होतो. मूळ संकेताची विदा सेकंदाला ४०९६ आणि १६३८४ नमुन्यांच्या दोन दरांत मिळते. जड जोड्यांचे संकेत कमी वारंवारतेचे असल्याने या विषयासाठी पहिला दर पुरेसा आहे. जीडब्ल्यू१९०५२१ चा आलेख २०१५ च्या पहिल्या घटनेशेजारी ठेवून पाहावा. पहिल्या घटनेत वर चढत जाणारी रेघ दिसते. दुसऱ्यात जवळपास फक्त एक ठिपका उरतो, आणि त्या ठिपक्यावरून कक्षा वर्तुळाकार होती की लांबट, हा वाद का मिटत नाही हे शब्दांविना कळते.

ज्यांना तयार उत्तर हवे आहे त्यांना ही सेवा निराश करेल, कारण तिच्यात ‘यजमान’ असा स्तंभच नाही. कृष्णविवरांच्या एकाही जोडीसाठी तो खात्रीने भरता आलेला नाही, म्हणून तो रिकामा ठेवण्याऐवजी नसणेच मला प्रामाणिक वाटते. घटनेच्या पानावर त्या आकाशभागातील ज्ञात सक्रिय केंद्रांच्या सूचीचा दुवा दिला, आणि वस्तुमानांच्या शेजारी त्यांसाठी वापरलेल्या लहर-प्रतिमानाचे नाव मुख्य तक्त्यातच छापले, तर या विषयावर काम करणाऱ्याचे अर्धे श्रम वाचतील. चौथ्या निरीक्षणकाळाचा उरलेला भाग १८ नोव्हेंबर २०२५ रोजी संपला आहे आणि त्यात एप्रिल २०२४ पासून व्हर्गो पुन्हा सामील होती. त्या घटनांचे नकाशे तक्त्यात आले की मी पहिल्यांदा ५० सूर्यवस्तुमानांहून जड घटकांच्या ओळी वेगळ्या काढणार आहे आणि त्यांतील ज्यांचे स्थान सर्वांत लहान क्षेत्रात बांधले गेले आहे, त्यांच्यापासून सुरुवात करणार आहे.